हेक्टरनं निवडलेला सायलेन्सर

हेक्टर मॅकरेनं चाळीस वर्षं मॅनिओटोटोच्या माळावर ससे मारले. आमच्याकडे सशाचं कुणी कौतुक करत नाही. एका टेकडीवर ते माजले की मेंढ्यांना गवताची काडी उरत नाही. रॅनफर्लीच्या आसपासची सहा फार्म हेक्टरच्या भरवशावर होती. सदुसष्टाव्या वर्षी त्याचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यानं ते काम माझ्या हाती द्यायचं ठरवलं.

मी तेव्हा लोकर कातरायच्या शेडमध्ये होते. गठ्ठे उचलून उचलून डावा खांदा पार कामातून गेला होता. बंदुकीचा परवाना होता, नेमही बरा होता, पण एका बाईला हे काम द्यायला फार्मवाले का कू करत होते. हेक्टर त्यांच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "लोर्ना माझ्यापेक्षा बरी मारते. तिला नाही म्हणायचं असेल तर ससे तुमचे तुम्ही बघा." काम मला मिळालं.

मला मात्र त्यानं एक अट घातली. "तुझ्या रायफलीला आधी सायलेन्सर बसवायचा. तोवर एकही गोळी नाही."

"पॉइंट टू-टूच्या एवढ्याशा गोळीचा तो काय आवाज, हेक्टर? लाह्या फुटल्यासारखा."

त्यानं उजवा कान पुढे केला. डाव्या कानानं त्याला काहीच ऐकू येत नसे. मी पुन्हा ओरडून सांगितलं.

"मीही असंच म्हणायचो," तो म्हणाला.

सायलेन्सर घ्यायला अलेक्झांड्रा गावी जाताना गाडीत त्यानं मला नेटाची गोष्ट सांगितली. नेटा म्हणजे त्याची बायको. चार वर्षांपूर्वी ती जर्दाळू काढताना शिडीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. घराच्या दुसऱ्या बाजूला हेक्टर पेपर वाचत बसला होता. ती तासभर हाका मारत होती. चहा का आला नाही म्हणून तो बघायला उठला, तेव्हा ती सापडली.

"ती बरी झाली, मला कधी बोलली नाही," हेक्टर म्हणाला. "पण तो एक तास माझ्या डोक्यातून जात नाही."

बंदुकीच्या दुकानाची मालकीण नोएलीन त्याला तीस वर्षं ओळखत होती. तिनं चार सायलेन्सर काढले आणि आम्हाला गावाबाहेरच्या जुन्या खाणीत घेऊन गेली. तिथं ती गिऱ्हाइकांना बंदूक चालवून बघू देत असे.

"पण तुला फरक कळणार कसा, म्हाताऱ्या?" ती त्याच्या कानाशी ओरडली. "तुझ्या शेजारी तोफ उडाली तरी तू हवापाणी विचारशील."

"म्हणून तर डॉटला आणलंय," हेक्टर म्हणाला.

डॉट ही त्याची कुत्री. तिला कधी बंदुकीजवळ नेलेलं नव्हतं. तिला वीस पावलांवर बसवून तो तिच्याजवळ उभा राहिला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो तिचे कान बघत होता.

पहिला सायलेन्सर बोटभर लांबीचा, दिसायला देखणा. गोळी सुटली आणि डॉटचे कान मागे चिकटले. हेक्टरनं मान हलवली. दुसरा पोलादी. त्याचा आवाज दबका होता, पण रायफलीचं तोंड जड होऊन खाली झुकायला लागलं, आणि पाचव्या गोळीला माझा खांदा ठणकला. मी काही बोलले नव्हते, तरी तो म्हणाला, "काढ तो. दिवसभर पेलायची आहे तुला." तिसरा हलका होता, आवाजही कमी, मला तोच आवडला. हेक्टरनं तो हातात फिरवून बघितला.

"हा उघडतो का गं?"

"नाही, बंद आहे," नोएलीन म्हणाली.

"मग नको. या छोट्या गोळ्या फार घाण करतात. शिसं आत साचत जातं आणि साफ करता येत नाही. वर्षभरात दगड होईल त्याचा."

चौथा अ‍ॅल्युमिनियमचा, वीतभर, सगळे भाग सुटे होणारा. मी गोळी मारली आणि डॉट चक्क उडाली. मला हसू आलं.

"हा तर सगळ्यात वाईट निघाला."

"काडतुसं कुठली घातलीस?" हेक्टरनं विचारलं. मागचे तिन्ही मी हळू जाणारी काडतुसं घालून बघितले होते, आणि आता चुकून वेगवान घेतली होती. "गोळी आवाजाच्या पुढं पळाली की हवेतच कडाडते. त्याला सायलेन्सर काय करणार?"

मी काडतुसं बदलली. या वेळी डॉटनं कान खाजवला आणि ती आडवी झाली. मला खटका पडल्याचा टिचकीएवढा आवाज आला, आणि मग लांबच्या पुठ्ठ्यावर गोळी बसल्याचा.

"पुठ्ठ्याचा आवाज आला मला," मी त्याच्या कानाशी सांगितलं.

"कसा येतो तो?"

चाळीस वर्षं गोळ्या मारणारा माणूस हे मला विचारत होता. मी जरा विचार करून म्हटलं, "ओल्या चादरीवर कुणी बोट मारावं ना, तसा."

तो हसला. "अजून एक मार." मी मारली, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

परतताना त्यानं एवढंच बजावलं, "हा लावला म्हणून शहाणी होऊ नकोस. पत्र्याच्या शेडमध्ये मारशील तेव्हा कानात बोळे घालायचे." मी आजही घालते.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सहाही फार्म माझ्याकडेच आहेत. गेल्या मार्चमध्ये मी कान तपासून घेतले. तपासणारी मुलगी म्हणाली, "बंदुकीचं काम करता? तुमच्या कानांवरून वाटत नाही." तपासणीचा कागद घेऊन मी तडक हेक्टरकडे गेले. आता त्याला उजव्या कानानंही ऐकू येत नाही. चष्मा लावून त्यानं तो दोनदा वाचला, मग नेटाकडे दिला. तिनं वाचून त्याच्या हातावर थोपटलं.

मला काही बोलायचं होतं, पण त्याला ऐकू गेलं नसतं. म्हणून कागदाच्या मागे मी लिहिलं: "हे तुझं काम."

"काम डॉटचं होतं," हेक्टर म्हणाला, आणि त्यानं तो कागद फ्रिजवर लावून टाकला.