झडतीबाईंची सून

बनियनच्या कारखान्याच्या गेटवर मी एकतीस वर्षं बायकांची झडती घेतली. पाळी सुटली की एकेक जण माझ्या खोलीत यायची, हात वर करायची, आणि मी तिची पिशवी, डबा, अंबाडा, सगळं चाचपून बघायचे. दोऱ्याची रिळं मी पाण्याच्या बाटलीतून काढलीयत. सगळ्या मला झडतीबाई म्हणायच्या, अगदी तोंडावर. म्हणू देत की! त्या खोलीत मी एक शिकले. चोराच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोळे सगळ्यांचेच गरीब असतात. हात बघायचे. आपले हात कुठे ठेवावेत हे जिला कळत नाही, तिच्याकडे काहीतरी आहेच.

तर ही माझी सून. सकाळी दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर काढते, दुपारी घरी. माझा मुलगा ट्रकवर, आठवड्यातले सहा दिवस रस्त्यावर. मी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत कायमची खाटेवर आले. त्यानंतर दोन महिन्यांतच सून दुपारी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायला लागली. आतून पुरुषाचा आवाज! माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तर नवल.

"कोण गं तो?" मी ओरडले.

दार उघडून ती बाहेर आली. हातात फोन, आणि दुसरा हात कधी कमरेवर, कधी ओढणीवर. "सर आहेत, आई."

"कसले सर? भरदुपारी?"

तेव्हा कळलं की बाईसाहेबांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलंय. घरबसल्या बी.ए. समाजशास्त्र. पुस्तकं पोस्टाने येतात, सर फोनमध्ये शिकवतात, आणि पेपरसुद्धा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. मुलाला माहीत होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला फोनवर झापलं, तर म्हणतो, "आई, शिकतेय तर शिकू दे ना, तुझं काय जातं?"

माझं काय जातं! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माणूस उगीच डिग्री घेतं होय?

ती दवाखान्यात गेल्यावर मी शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनींना बोलावून तिची पुस्तकं खाटेवर मागवली आणि एकेक उलटं धरून झटकलं. तिसऱ्या पुस्तकातून वर्तमानपत्राचं कात्रण पडलं. सरकारी कचेरीत कायमची जागा, उमेदवार पदवीधर हवा, आणि कचेरी परगावी, इथून सात तास. धरली! पण मी कात्रण होतं तिथे ठेवलं आणि हूं की चूं केलं नाही. गेटवर पण आम्ही असंच करायचो. पहिल्यांदा सापडलं की सोडायचं, कुठवर नेते ते बघायचं.

आणि खरं सांगू? मला भीती वाटली. ती गेली तर मला कोण उठवणार, कोण कूस बदलून देणार? मुलगा? तो घरी आला की बूट न काढता झोपतो.

पुढची तीन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं हो, ऐकण्यासारखंच होतं. तिला वही घेऊन बसायला वेळ कुठला? माझं अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, चादर बदलायची. हात माझ्यात अडकलेले, म्हणून तिचा सगळा अभ्यास तोंडी. मला कुशीवर वळवता वळवता ती पुटपुटायची, "सामाजिक नियंत्रणाची अनौपचारिक साधनं पाच. रूढी, प्रथा, लोकमत, निंदा... निंदा... "

"उपहास!" मी म्हणायचे. "किती वेळा सांगायचं? डोकं आहे की खोकं?"

"हां, उपहास," म्हणायची आणि माझी टाच तेलाने चोळायची. ही पाच साधनं तिला कधी धड आली नाहीत. दर वेळी पाचव्यावर गाडी अडायची आणि दर वेळी मी ढकलायचे. दुपारचं दार आता उघडंच असायचं, सर फोनमधून सांगायचे की ही साधनं घराघरात असतात, त्यांना पोलीस लागत नाहीत. ते ऐकून ती माझ्याकडे बघून हसली होती एकदा. मी मुद्दाम विचारलं नाही का हसलीस ते.

शेवटचं वर्ष आलं. दोन पेपर उरले. पेपरच्या वेळी खोलीत दुसरं माणूस चालत नाही, आणि कॅमेरा तीन तास न तुटता चालेल अशी रेंज फक्त बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. म्हणजे माझ्याच खोलीत. ती म्हणाली, "आई, तीन तास वहिनींकडे जाल का? खुर्चीवर बसवून नेऊ आपण."

"मी काय सामान आहे का इकडून तिकडे हलवायला?" मी म्हटलं. "मेले तरी याच खाटेवरून."

तिने विद्यापीठाला अर्ज केला, डॉक्टरांचं पत्र जोडलं, आणि परवानगी आणली. अंथरुणावरच्या सासूबाई पडद्यामागे राहतील, पण खोलीत आवाज झाला तर पेपर रद्द. हे तिने मला वाचून दाखवलं. एकदा नाही, दोनदा. "आई, एक शब्दसुद्धा नाही हं." मी मान हलवली.

पेपर सुरू झाला. पडद्याच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती. दर थोड्या वेळाने ती मान वळवून पडद्याकडे बघायची. माझा श्वास चालू आहे का म्हणून, की मी काय करतेय म्हणून, कोण जाणे. मी अगदी चिडीचूप. तास गेला, दीड तास गेला. मग तिचं पुटपुटणं सुरू झालं. तिला बजावलेलं होतं ओठ हलवू नका म्हणून, पण तीन वर्षांची सवय कुठे जाते?

"रूढी... प्रथा... लोकमत... निंदा... पाचवं... पाचवं... "

"उपहास!" मी म्हटलं. चांगलं मोठ्याने.

तिची पाठ ताठ झाली. वळली नाही. थोड्या वेळाने पेन परत चालू झालं. संध्याकाळी तिने मला नेहमीसारखं जेवायला दिलं आणि नेहमीसारखं तोंड पुसलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी पत्र आलं. उमेदवाराने एकेचाळीस वेळा डावीकडे पाहिले, खोलीत दुसऱ्या व्यक्तीने उत्तर सांगितले, संगनमताचा संशय आहे, चौकशीला हजर राहा. संशय सिद्ध झाला तर तीन वर्षांचं सगळं रद्द.

मुलाने मला रस्त्यातूनच फोन केला. मागे हॉर्न वाजत होते. "आई, तू मुद्दाम बोललीस का गं?"

"मी? मुद्दाम? अरे, जिभेवर आलं, निघून गेलं!"

"ते कात्रण तुला सापडलंय, हे मला वहिनींनी सांगितलंय," तो म्हणाला. "तिलाही माहीत आहे. म्हणून विचारतो."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षं मी लोकांना विचारलं, बाई, खरं सांग. पहिल्यांदाच कुणी मला विचारत होतं आणि माझे हात गोधडीवर कुठे ठेवावेत ते मला समजेना.

चौकशी फोनवरच झाली. स्क्रीनवर तीन माणसं, मधे चष्मेवाल्या मॅडम. सुनेने फोन माझ्यासमोर धरला.

"आवाज तुमचा?"

"माझाच."

"का सांगितलंत उत्तर?"

"सवयीनं," मी म्हटलं. "तीन वर्षं ही अडली की मीच सांगायचे. हिचा काही दोष नाही. मार्क कापायचे तर माझे कापा."

दोघे सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही सांगितलेलं यांनी लिहिलंच असणार ना?"

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "मॅडम, प्रश्न तिसरा बघा."

मॅडमनी कागद शोधला आणि स्क्रीनजवळ धरला. तिचं अक्षर मोठं आहे, मला चष्म्याशिवायही दिसलं. एक, रूढी. दोन, प्रथा. तीन, लोकमत. चार, निंदा. मग पाच आकडा, टिंब, आणि पुढे कोरं.

"आठवलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"आकडा घातला तेव्हा आठवत होते, मॅडम. पण ऐकल्यावर कसं लिहू?"

मला रडू फुटलं, आणि मेलं रागही आला. इतकी वर्षं मी बायका रिकाम्या हाताने बाहेर जाताना बघितल्या, पण त्या रिकाम्या जायच्या कारण समोर मी उभी असायचे. हिला तर मीच माल हातात दिला होता, आणि हिने तो घेतला नाही. अशा बाईची मी पुस्तकं उलटी धरून झटकली होती.

पेपर ग्राह्य धरला. त्या एका उत्तराचे मार्क गेले. शेवटच्या पेपरला मात्र खोलीत कुणीही नको, कुठलीही सबब चालणार नाही, असं मॅडमनी बजावलं. मी सुनेला म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची." ती हसली, पण थोडंसंच.

दुसऱ्या दिवशी ती माझे केस धूत होती. बादली खाटेला टेकवलेली, माझं डोकं तिच्या तळहातावर. ती म्हणाली, "आई, एकदाच विचारते. तुम्ही मला सांगायला बोललात की पाडायला?"

मी तोंड उघडलं. गेटवर हजार वेळा ऐकलेलं 'शप्पथ, नाही हो' माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो शब्द निघाला त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी तेव्हापासून आठवतेय. सवय होती, हे खरं. पण दोन वेळा वाचून दाखवलेलं ते पत्र मी विसरले होते का? नव्हते विसरले. आणि ती सात तासांवर निघून जाणार, हे? तेही नाही.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

तिने पाणी ओतलं. कानात जाऊ नये म्हणून आडवा हात धरला. "डोळे मिटा," म्हणाली, "साबण जाईल."

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी मनाचा हिय्या केला. माझ्या तोंडून असं काही निघेल हे माझं मलाच नवल होतं, आणि ती ऐकून खूश होईल असंही वाटलं होतं. म्हटलं, "उद्या मला वहिनींकडे नेऊन ठेव हो. खुर्चीवरून. मी काही बोलणार नाही."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत, मानही वर झाली नाही.

"सांगून ठेवलंय मी त्यांना," ती म्हणाली. "परवाच."