खरखरीतून काढलेला कोंबडा

जगातला कुठलाही आवाज ऐकला की 'हा आपण का नाही बनवला' म्हणून हळहळणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि बायकोच्या धाकट्या बहिणीने नेमकं त्याच्याशीच लग्न केल्यामुळे तो माझा साडू आहे. शहापुरात घरी बसून तो लोकांच्या वेबसाइट बनवतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ दिवसभर, ब्राउझरमध्ये कोड लिहून आवाज तयार करतो. रेकॉर्डिंगला तो चोरी म्हणतो. "कोंबड्याचा आवाज कोंबड्याकडूनच घेतला, त्यात तुमी काय केलंत?" त्याच्या मते अर्ध्याअधिक आवाजांच्या मुळाशी एकच खरखर असते, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी; तिला चाळणी लावायची आणि हवं ते काढून घ्यायचं. मुरबाडला एका लग्नात तो जिलेबीच्या कढईपाशी इतका वेळ कान लावून उभा राहिला, की आचाऱ्याने कळवळून त्याला तिथेच ताटली भरून दिली. त्यानंतर एकदा मला डोळे मिटायला लावून त्याने काहीतरी ऐकवलं. "वा! भातसा धरणाचे दरवाजे उघडले!" मी दाद दिली. ती जिलेबी होती. त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. मेहुणी म्हणाली, "भावोजी, नुसतं 'वा' म्हणून थांबायचं असतं. मी लग्न झाल्यापासून तेच करते."

शहापूरजवळच्या शेणवे गावच्या जत्रेतल्या नाटकाला दरवर्षी मुरबाडहून भाड्याने आवाजवाला येतो. गेल्या वर्षी नाटकमंडळाचे प्रमुख, सत्तरीतले अण्णा, साडूला म्हणाले, "यंदा तू कर. जमलं तर कायमचं तुझं. नाय जमलं तर परत नाव काढू नको." साडूला आभाळ ठेंगणं झालं. पण ऐन वेळी त्याने लॅपटॉप माझ्या हाती दिला. "आवाज करणाऱ्याला आवाज ऐकू येत नाय, साडूभाऊ. मी लोकांत बसतो. तुमी फक्त आधी 'जागा हो' बटण दाबा, कुणी हात लावल्याशिवाय ब्राउझर तोंड उघडत नाय. मग एकेक कळ."

पहिला अंक मी असा वाजवला, की मला स्वतःविषयीच आदर वाटू लागला. त्या आदराच्या भरात, ऑफिसात काही बिघडण्याआधीच करतो तसं, मध्यंतरात मी पान रिफ्रेश केलं, म्हणजे ते पुन्हा झोपवलं, आणि 'जागा हो' बटणाचं साफ विसरलो.

दुसऱ्या अंकात खुद्द अण्णा बाजेवर मरणाला टेकलेले. आता दार करकरायचं आणि मुलगा आत यायचा. मी कळ दाबली. शांतता. जोरात दाबली. मग म्हटलं, दुसरं काहीतरी वाजेल: बैलांचे घुंगरू, वीज, थप्पड, कोंबडा, सगळं दाबून झालं. मुलगा बाहेर ताटकळलेला, अण्णा आत जीव धरून बसलेले. अखेर बटण दिसलं आणि मी ते दाबलं. दाबलेले आवाज वाया जात नाहीत, आत दबा धरून बसतात, हे मला कुठे ठाऊक! सगळे एकदम बाहेर पडले. दार करकरलं, वीज कोसळली, बैल उधळले, कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत दिली आणि कोंबडा आरवला. अण्णा बाजेवर ताडकन उठून बसले. "बंद कर रे ते! मरू दे ना मला!"

लोक इतके हसले, की मरण्याचा बेत रद्द करावा लागला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप आला: पुढल्या वर्षी मुरबाडवालाच. मी तोंड पाडून साडूकडे गेलो, तर स्वारी खुललेली. "साडूभाऊ, माझ्या मागं एक बाय बसलेली. तेवढ्या गोंधळातपण ती शेजारणीला बोलली, 'कोंबडा कुनाचा सुटला गो?' वाकून खुर्चीखाली बघितलं तिनं!" एवढं सांगून तो उठला. मग म्हणाला, "चहा घेणार ना?"

यंदा आम्ही दोघं शेजारी बसून नाटक पाहिलं. रानातल्या प्रवेशात मुरबाडवाल्याने कोल्हेकुई लावली, सरळसरळ रेकॉर्ड केलेली. आता हा 'चोर! चोर!' करणार म्हणून मी आधीच त्याचा हात धरला. साडू शांतपणे शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"बरी आहे की," तो म्हणाला.

इतका समजूतदार झालेला साडू मला बघवेना.