मागच्या सेन्सरची साक्ष

सोलापुरात होटगी रोडवरच्या महादेवप्पांच्या गॅरेजात गाडीपेक्षा गाडीच्या मालकालाच जास्त वेळ लागायचा. गाडीचं दुखणं त्याला समजावल्याशिवाय अप्पा पान्याला हात लावत नसत. धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो धुरातलं विष कमी करतो. त्याच्या पुढं एक ऑक्सिजन सेन्सर, मागं एक. स्कॅनरवर पुढच्याची रेघ सारखी खालीवर नाचते. कन्व्हर्टर धड असेल तर मागच्याची शांत राहते. तीही नाचू लागली की समजायचं, मधला गडी दमला. एवढं सांगेपर्यंत चहा हमखास गार व्हायचा.

मंगळवेढ्याच्या गोजरबाई, निवृत्त शिक्षिका, अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या. गाडीत इंजिनचा दिवा लागला म्हणून त्या अप्पांकडे आल्या. दोन्ही रेघा नाचताना दिसल्या आणि अप्पांनी निकाल दिला, कन्व्हर्टर गेला, नवा घालायचा तर खर्च मोठा. बाईंसोबत आलेल्या मुलाच्या, ऋतुराजच्या हाती आयतं कोलीत मिळालं. या वयात गाडी कशाला, विकून टाकू, असं म्हणून त्यानं तिथूनच फोन करून रविवारी गिऱ्हाईकही बोलावलं.

शनिवारी सकाळी दुसऱ्या एका गाडीत तश्शाच रेघा दिसल्या. अप्पांनी सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबलं, तर नळीच्या जोडाशी फुसफुस ऐकू आली. कन्व्हर्टर ठणठणीत होता. फटीतून बाहेरची हवा शिरून मागच्या सेन्सरला चकवत होती. बाईंच्या गाडीला त्यांनी फडकं लावलंच नव्हतं. स्कॅनर नवाकोरा होता ना, त्याच्या तोऱ्यात! माणूस लाखाचा, पण तोरा कुणाला चुकलाय?

पिशवीत स्कॅनर, पाने आणि नळीच्या जोडात बसवायची नवी गॅस्केट टाकून त्यांनी मंगळवेढ्याची एसटी धरली. बाईंच्या अंगणात फडकं दाबलं, कान लावला. तीच फुसफुस. जोडातली फाटकी गॅस्केट बदलली, इंजिन तापू दिलं, आणि मागची रेघ सरळ झाली. मग ते ऋतुराजकडे वळले.

"चूक माजी हाय. गाडीची न्हाय, आन् बाईंची तर न्हायच न्हाय."

आणि परत दिवा लागला तर, असं ऋतुराजनं विचारलं.

"लागला तर बाई गाडी घेऊन येतील की सोलापूरला. वाट ठाऊक हाय त्यांना."

गोजरबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. त्यांनी किल्ली उचलली, अप्पांना पुढं बसवलं, आणि ऋतुराजला म्हणाल्या, "तू मागं बस. अप्पांना सोडून येऊ."