नुसता वारा

गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी मी आईला एक जपानी कार्टून मालिका मराठीत सांगतो. पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी तिला वाचता येत नाहीत, म्हणून ही सवय लागली. मारामारी मात्र ती स्वतःच बघायची, तेव्हा मी गप्प. आता तिला दिसत नाही, त्यामुळे मारामारीही मीच सांगतो.

या रविवारी नायक आणि त्याच्या गुरूचा खुनी एकदाचे समोरासमोर आले. कित्येक वर्षं आम्ही याच भागाची वाट पाहत होतो. आणि वीस मिनिटं काहीच झालं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, वारा सुटला, जुनीच दृश्यं पुन्हा दाखवली. डोळ्यांचे डॉक्टरही असंच करतात. आईच्या ऑपरेशनचं पुढच्या वेळी ठरवू म्हणतात. पुढची वेळ सगळ्यांकडे पडून असते जणू. आईला चौऱ्याऐंशीवं चालू आहे.

मला सहन होईना. मी खोटं सांगायला लागलो.

"तलवार उपसली, आई. खुन्याच्या खांद्यावर घाव बसला. तो गुडघ्यावर आलाय बघ."

आई कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "एवढं चाललंय, तर मला नुसता वारा का ऐकू येतोय रे?"

मी रिमोट उचलून भाग थांबवला.

"मागे घे," ती म्हणाली. "आणि आहे तेच सांग. दिसत नाही तेवढं पुरे झालं मला."

मी भाग मागे नेला.

"उभा आहे, आई," मी म्हणालो. "अजून नुसता उभा आहे."