पाटीवरचं फूल

लोखंडावरचा जुना रंग उतरवणं हा सालकाढ्याचा धंदा. हे नाव त्याला मेहुण्यानं ठेवलं होतं, चारचौघांत हिणवायला. गिऱ्हाइकांनी ते उचलून धरलं आणि तेच कायम झालं. गेटं, खाटा, खिडक्यांच्या जाळ्या, येईल ते तो गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचा. रंग सुटला की ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवायचा. बायको म्हणायची, जगाचा रंग उतरवता, तुमच्या डोक्यात चढलेला पारा तेवढा उतरत नाही.

त्या पाऱ्यापायीच मेहुण्याशी बोलणं तुटलं होतं. सासरे केस कापायचे. ते गेल्यावर दुकानाचं काय करायचं यावरून दोघांची जुंपली आणि बायकोचं माहेर बंद झालं. ती कधी बोलून दाखवत नसे, म्हणून त्याला जास्तच लागायचं. आता तोच मेहुणा, तिचा धाकटा भाऊ, बापाचं दुकान पुन्हा उघडणार होता. तिनं मध्ये पडून, भावाची मनधरणी करून, सासऱ्यांची लोखंडी खुर्ची रंग काढायला इथं आणवली होती.

"एवढं काम नीट होऊ द्या," एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजानं तो धास्तावला.

त्यानं खुर्ची सुटी केली. तुकडा टाकीत घालण्याआधी त्याला लोहचुंबक लावायचा, हा त्याचा नेम. सोडा लोखंडाच्या वाटेला जात नाही, पण ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. गिऱ्हाइकानं पाय ठेवायची पाटी हातात आली. त्यानं कडेला चुंबक लावला, तो टपकन चिकटला. पाटी टाकीत गेली.

आणि टाकी फसफसायला लागली.

लोखंड असं फसफसत नाही, हे त्याला झोपेतही कळलं असतं. आधी त्यानं टाकीखालचा जाळ बंद केला, कारण या फसफसण्यातून निघणारा वायू पेट घेतो. मग आकडा घालून पाटी ओढायला गेला, तर आकडा निसटला. फेस काठावरून ओघळू लागला. सरळ हात घालावा असं त्याच्या मनात आलं. हातमोजा कोपरापर्यंतही पोचत नव्हता. तेवढ्यात दुसरा आकडा घेऊन बायको समोर उभी राहिली. दोघांनी दोन बाजूंनी धरून पाटी वर काढली आणि नळाखाली टाकली.

ॲल्युमिनियमची ती पाटी काळी पडली होती. अंगभर खड्डे, एका कोपऱ्यात आरपार भोक. मागे कडेनं मात्र दोन लोखंडी पट्ट्या होत्या, रंगाखाली बेमालूम दडलेल्या. चुंबक नेमका तिथं चिकटला होता. चार जागी लावायचा सोडून त्यानं एकाच जागी लावला होता, घाईत.

पाणी निथळल्यावर बायको पाटीवर बोटं फिरवत राहिली.

"यावर फूल होतं," ती म्हणाली. "बाबा कामात असायचे तेव्हा मी खाली बसून ते बोटानं गिरवायची. रंगाखाली बुजलं होतं. म्हटलं, तुम्ही काढाल वर."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाटी ओट्यावर ठेवली आणि फेस पुसायला लागली.

मेहुणा संध्याकाळी यायचा होता. पाटी आधीच सडली होती असं ठोकून द्यावं, असं सालकाढ्याला दिवसभर वाटत राहिलं. मेहुण्याला कुठं कळणार होतं? पण तो दारात आला, आणि याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"माझ्या हातून वाट लागली. चूक माझी आहे. ताईला बोल लावू नकोस."

मेहुण्यानं पाटी उचलली, उलटी केली, पट्ट्या बघितल्या. हिणवायची इतकी आयती संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती. सालकाढ्या मान खाली घालून वाट बघत राहिला. बायको कपड्याची घडी घालत होती. ती पुन्हा मोडायची, पुन्हा घालायची.

"भाऊजी, फूल यात नव्हतंच," मेहुणा म्हणाला. "बाबांची बिडाची पाटी माझ्या हातून पडली. दोन तुकडे झाले. ताईला कळेल म्हणून ही बसवून घेतली, मागनं पट्ट्या मारल्या, वर जाड रंग फासला."

मेहुणा गप्प बसला असता तर जन्मभराचा दोष सालकाढ्याच्या माथी बसला असता, हे तिघांनाही कळत होतं.

"तुकडे कुठायत?" तिनं विचारलं.

"माळ्यावर. टाकवले नाहीत."

"घेऊन ये. आत्ता." घडी बाजूला ठेवून ती उठली. खुंटीवरचा लोहचुंबक काढून तिनं आपल्या मुठीत धरला. "आणि या वेळी हा मी लावणार."