खुरसापुढे सुजिन

कणकवली स्टँडवर मालवणची एसटी धरली आणि खिडकीची जागाही पटकावली, म्हणजे निम्मी लढाई जिंकलीच. बासष्टाव्या वर्षी एकटीच फिरायला निघालेली साताऱ्याची निवृत्त शिक्षिका मी. कंडक्टरनं विचारलं, "वांगडा (सोबत) कोण नाय?" म्हटलं, "पिशवी आहे ना!"

मालवणच्या अलीकडे, माडांच्या सावलीतल्या एका ख्रिस्ती वाडीत माझी उतरायची सोय होती. घरमालकीण फिलूबाय चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात वाढता वाढता ती म्हणाली, "सांजचा लादाईनीक (प्रार्थनागानाला) येवा. आज अंतोनच्या बायलेचो नंबर आसा. ती कोरियाची."

अंतोन तिकडच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. तिथल्याच चर्चच्या गायनमंडळातल्या सुजिनशी लग्न करून चार वर्षांपूर्वी तो गावी परतला. बाजारात तिला 'चायनीज' म्हणत. चर्चमध्ये मात्र पहिल्या रांगेत खुर्ची, फादरांची खास विचारपूस. झाडायला गेली की हातातला झाडू काढून घ्यायचे, "तू बस गो!" हळूहळू ती यायचीच बंद झाली.

"माका वाटला, आमचा काय चुकला?" फिलूबाय सांगत होती. "घराकडे गेलंय तर रडाक लागली. म्हणता, 'तुमका मी कामाची दिसनय नाय.' मान दिलंव, पण काम नाय दिलंव!"

मग मंडळानं तिचं नाव सगळ्यांच्या यादीत घातलं. फुलं, झाडलोट, आजाऱ्यांना भेटणं. एकदा ती उशिरा आली तेव्हा फिलूबायनं इतरांसारखंच तिला झाडलं, तर बाई चक्क हसली.

आजची गोष्ट मात्र अवघड होती. ज्या घरची लादाईन, त्या घरच्या बाईनं पहिली ओळ एकटीनं उचलायची, असा वाडीचा रिवाज. गेल्या वर्षी सुजिन स्वयंपाकघरात लपून बसली होती. "आज गप रवली तर परत चर्चीत येवची नाय," फिलूबाय म्हणाली.

वाडीतल्या खुरसाला (क्रूसाला) अबोलीचे हार घातले होते. सुजिन मेणबत्त्या लावत होती. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. ती म्हणाली, "मालवणी येता माका." माझं इंग्रजी मुकाट्यानं परत गेलं.

माणसं जमली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती उभी, ओठ मिटलेले. शेजारी तिची सासू घामाघूम झाली होती. शेवटी त्या माउलीला राहवेना. सुनेची लाज राखायला तिनंच सूर लावला.

सुजिननं तिच्या दंडावर हात ठेवला. "मांय, नंबर माजो आसा."

आणि ती गायली. पहिला शब्द कापला, दुसरा सरळ उभा राहिला. उच्चार थोडे तिचे होते, सूर मात्र असा पक्का की मागची माणसं आपसूक जोरात साथ देऊ लागली. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत.

नंतर तिनं उकडलेले चणे वाटले, तिच्या रीतीनं दोन्ही हातांनी. एक म्हातारे कुरकुरले, "चण्यात मीठ चडला गो!"

"मगे पाणी पिया!" सुजिन म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं तिची सासू हसली.

दोन दिवस समुद्रावर मनसोक्त भटकून परत निघाले. वैभववाडीला गाडी थांबली. पुढे घाटात फोन लागत नाही, म्हणून तिथूनच घरी लावला. माझी सून मणिपूरची. पाच वर्षं सणावारी मी तिला मोठ्या कौतुकानं पाटावर बसवत आले आहे. मला वाटायचं, माझ्यासारखी सासू शोधून सापडायची नाही.

"यंदा गौरी तू बसव," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "सगळं मी?"

"सगळं."

"मग आई, मी हाक मारेपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही."

'अगं, पण' एवढं ओठांवर आलंच होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "बरं."