तीन सोमवारची तीन शून्यं

बारामतीत आमच्या कॅन्सर विभागात कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात खूश मीच होते. कागदाच्या फायली शोधून जीव मेटाकुटीला यायचा. आता नर्सने विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि आकडा टाकायचा. त्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

निरवांगीच्या एक आजी दर सोमवारी केमोसाठी यायच्या. आजार हाडांत उतरलेला. सोबत जावई, भवानीनगरच्या कारखान्यात कामाला, सासूची पिशवीसुद्धा स्वतः धरणारा भला माणूस. मी आकडा विचारला की आजी पदर सावरून म्हणायच्या, "न्हाय बाई, बरं हाय." तीन सोमवार मी शून्य टाकलं. चौथ्या सोमवारी डॉक्टरांनी स्क्रीनवर ती तीन शून्यं पाहिली आणि दुखण्याची गोळी निम्मी करायला सांगितली.

तेवढ्यात जावई गाडी हलवायला खाली गेले. आजींनी माझं मनगट धरलं. "बाई, गोळी कमी करू नगा. उठताना दुखून डोळ्याम्होरं अंधारी येती."

"मग सांगत का नव्हता?"

"जावयाम्होरं कण्हायचं व्हय? लेक दिलीया तितं."

मला स्वतःचाच संताप आला. माझ्या आईने माझ्या नवऱ्यासमोर कधी दात दुखतोय एवढंही सांगितलं नव्हतं. हे मला कळायला नको होतं?

मी पुन्हा आकडा विचारला, आजी म्हणाल्या आठ. जुने आकडे बदलता येत नव्हते. मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, 'आधीची तिन्ही शून्यं चुकीची आहेत. जावयासमोर विचारलं ही माझी चूक. आजची वेदना आठ.' आमच्या इनचार्ज बाई मागून वाचत होत्या. "हे कायमचं राहील. तपासणीत तूच सापडशील. नुसता आठ टाक."

"नुसता आठ टाकला तर डॉक्टरांना वाटेल, म्हातारी आज घाबरली," मी म्हणाले आणि त्यांच्यादेखत नोंद सेव्ह केली.

डॉक्टरांनी वाचून गोळी वाढवली. मला मेमो मिळाला. घेतला.

पुढच्या सोमवारी मी जावयांना बाहेर बसायला सांगितलं. ते चिडले. "आमी काय परकं हाय का?"

"परके नाही, जावई आहात," म्हणत मी दार लावलं. याचीही तक्रार होणार होती. होऊ दे.

आत सलाईनची सुई टोचताच आजींनी मला सणसणीत शिवी हासडली, आणि मग सावकाश आकडा सांगितला. चार.